गोळीचं नाक

२०२५च्या दिवाळीला मी गावी होतो. गाव शिरूर तालुक्यात, घराच्या तीन बाजूंना ऊस. १२ ऑक्टोबरला पिंपरखेडमध्ये पाच वर्षांची मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली होती. २२ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, जांबूतच्या ८२ वर्षांच्या आजी गेल्या. संध्याकाळी सहानंतर पोरांना अंगणातसुद्धा सोडत नव्हते. फटाके दुपारीच उडवून झाले होते.

मी आतल्या खोलीत पडून मोबाइलवर जिम कॉर्बेटचं रुद्रप्रयागच्या बिबट्यावरचं पुस्तक पुन्हा वाचत होतो. माझे धाकटे चुलते, तात्या, दारं धरायला निघाले होते. थ्री फेज लाइट रात्रीची, त्यामुळे उसाला पाणीही रात्रीच. हातात टॉर्च आणि काठी, खिशात मोबाइल, त्यावर मोठ्या आवाजात गाणी. बिबट्याला माणूस येतोय हे कळावं म्हणून.

"काय वाचतो रं एवढं?"

"कॉर्बेट. बिबट्याचंच आहे, तात्या. नरभक्षक मारायचा तो."

"बंदुकीनं?"

"हो. रायफल होती त्याच्याकडे."

"एका बारात पडायचा?"

मी "हो" म्हणालो. "मग हितं काय अडलंय?" असं म्हणत तात्या अंधारात गेले.

पुस्तक हातात असूनही मी दिलेलं उत्तर खोटं होतं. सातवी-आठवीपासून मी शिकारकथा वाचतोय. शाळेच्या लायब्ररीतली फाटकी पुस्तकं, दिवाळी अंकांतल्या जंगलकथा, नंतर कॉर्बेट, केनेथ अँडरसन. एवढं वाचून माझ्या डोक्यात काय राहिलं, तर एक वाक्य: बार झाला आणि वाघ कोसळला. त्या वाक्यातल्या 'आणि'कडे मी कधी बघितलंच नव्हतं. गोळी किती अंतरावरून आली, कुठे लागली, आत गेल्यावर तिचं काय झालं, जनावर किती वेळाने मेलं, किंवा मेलंच नाही, हे सगळं त्या 'आणि'त गडप होतं. पुढचे काही आठवडे मी एकच गोष्ट शोधत तीच पुस्तकं पुन्हा वाचली: यात गोळी कुठे आहे? हा लेख त्या वाचनाचा आहे. पण आधी गोळीबद्दलच थोडं बोलावं लागेल.

शिकारीच्या रायफलीची जुनी, पारंपरिक गोळी गोल नाकाची असते. पुढचं टोक बोटाच्या टोकासारखं बोथट, मागे लांब सरळ अंग. १८९०च्या दशकातल्या बहुतेक लष्करी रायफलींची गोळीही अशीच होती. मग १९०५च्या सुमारास जर्मनीने अणकुचीदार गोळी आणली आणि बाकीचे देश मागोमाग गेले. आपल्याकडच्या ब्रिटिश फौजेच्या .३०३ रायफलीची गोळी आधी २१५ ग्रेनची, म्हणजे सुमारे १४ ग्रॅमची होती, गोल नाकाची, सेकंदाला साधारण ६२५ मीटर वेगाची. १९१०मध्ये तिच्या जागी १७४ ग्रेनची टोकदार गोळी आली. वजन ११ ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला साधारण ७४५ मीटर. टोकदार गोळी हवा कापत जाते, लांबवर वेग टिकवते, कमी खाली पडते. सैन्याला हेच हवं होतं.

शिकाऱ्यांनी मात्र गोल नाकाची गोळी लगेच सोडली नाही. नुसता जुन्याचा सोस म्हणून नाही. गोळीला तीन कामं करायची असतात: हवेतून जायचं, शरीरात शिरायचं, आणि आत सरळ जात राहायचं. टोकदार गोळी पहिल्या कामात हुशार. पण तिचं पुढचं टोक निमुळतं, म्हणून हलकं, आणि वजनाचा मध्य मागे. हवेत स्वतःभोवती फिरण्यामुळे ती सरळ राहते. मांस हवेपेक्षा शेकडो पटींनी दाट. तिथे ते फिरणं पुरं पडत नाही आणि गोळी आडवी व्हायला बघते. गोल नाकाच्या, लांब आणि वजनदार गोळीत ही ओढ कमी असते. ती बऱ्यापैकी सरळ रेषेत खोल जाते. जाड कातडीच्या, मोठ्या हाडांच्या जनावरात हाच फरक महत्त्वाचा ठरतो.

तिचा तोटा हवेतला. बोथट नाकाला हवा जास्त अडवते. तीनशे मीटरवर ती टोकदार गोळीच्या बरीच खाली पडलेली असते. पण जंगलातला बार शंभर मीटरच्या आतला, पुष्कळदा तीस-चाळीस मीटरवरचा. तिथे हा तोटा जवळपास शून्य. आम्ही कोड लिहिताना म्हणतो, जिथे अडचण नाही तिथे ऑप्टिमाइझ करत बसू नका. जुन्या शिकाऱ्यांनी हे कॉम्प्युटरशिवाय ओळखलं होतं.

गोल नाकात पुन्हा दोन प्रकार. एकात पूर्ण गोळीवर कठीण धातूचं आवरण. तिला सॉलिड म्हणतात. ती आकार न बदलता आरपार जाऊ शकते. हत्ती, गवा यांच्यासाठी. दुसऱ्यात पुढचं शिसं उघडं. ही सॉफ्ट नोज. ती आत शिरताच भूछत्रासारखी फुलते, जखम रुंद करते आणि पुष्कळदा आतच थांबते. वाघ-बिबट्यासारख्या पातळ कातडीच्या जनावरासाठी ही. बिबट्याला सॉलिड मारली तर ती बारीक भोक पाडून पलीकडे निघून जाईल आणि जखमी बिबट्या उसात शिरेल. जखमी बिबट्याला उसात शोधायला कोण जाणार, याचं उत्तर गोळी निवडतानाच द्यावं लागतं.

गोल नाकाभोवती दंतकथाही आहेत. ती झुडपातून जाताना वळत नाही, असं शिकारी पिढ्यान् पिढ्या सांगत आले. लोकांनी कितीतरी वेळा चाचण्या घेतल्या. काडीला लागली की कुठल्याही आकाराची गोळी वळते. सरळ शिरण्याच्या बाबतीतही आज सपाट नाकाची सॉलिड गोलपेक्षा उजवी मानतात, आणि नव्या तांब्याच्या टोकदार गोळ्या हवेत आणि शरीरात दोन्हीकडे चांगलं काम करतात. म्हणजे गोल नाक हे काही अंतिम सत्य नाही. जुन्या रायफलीसाठी, कमी अंतरासाठी, मोठ्या जनावरासाठी ती समंजस निवड आहे, इतकंच.

हे सगळं फार दूरचं नाही. भारतात परवान्यावर मिळणारी .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल आजही आहे. तिचं काडतूस मुळात एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रियन मॅनलिखर रायफलीचं. लष्करी .३०३ काडतुसं सामान्य माणसाच्या हाती नकोत म्हणून इंग्रजांच्या काळात ते इथे रुजलं. त्याची गोळी २४४ ग्रेनची, गोल नाकाची, पुढे शिसं उघडं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासूनचा, शिरूरहून पुण्याला जाताना दीड-दोन तासांवर. माझ्या ऑफिसला जायच्या रस्त्यापासून जवळच.

आता पुस्तकं. तीन घेतो.

पहिलं डब्ल्यू. डी. एम. बेल याचं, हस्तिदंतासाठी आफ्रिकेत हत्ती मारणाऱ्या स्कॉटिश शिकाऱ्याचं. 'द वाँडरिंग्ज ऑफ अॅन एलिफंट हंटर', १९२३. बेलने आयुष्यात हजारावर हत्ती मारले, आणि त्यातले बरेचसे .२७५ रिग्बी या लहान रायफलीने, म्हणजे जर्मन ७ मिलिमीटर माउझरच्या इंग्रजी नावाच्या भावाने. गोळी १७३ ग्रेनची, गोल नाकाची, सॉलिड. इतर शिकारी खांदा निखळवणाऱ्या प्रचंड रायफली वापरत असताना हा अकरा ग्रॅमची गोळी वापरत होता, कारण त्याने हत्तीची कवटी कापून मेंदू नेमका कुठे असतो ते बघितलं होतं. त्याच्या पुस्तकात गोळी आहे, कोन आहेत, आकृत्या आहेत. इंजिनिअर म्हणून वाचताना मजा येते. मग लक्षात येतं की हा माणूस एवढी अचूकता दातांच्या वजनासाठी वापरतोय. हत्ती त्याच्या लेखनात एक सोडवलेलं गणित आहे. वाचायला बसताना माझा अंदाज होता की ज्या शिकारकथेत गोळीचा तपशील असतो ती प्रामाणिक. बेलने तो अंदाज मोडला. तपशील पूर्ण असूनही माणूस आतून कोरडा राहू शकतो.

दुसरा जॉर्ज ऑर्वेलचा निबंध, 'शूटिंग अॅन एलिफंट', १९३६. ब्रह्मदेशात मौलमीनला पोलीस अधिकारी असतानाचा अनुभव. माजावर आलेल्या हत्तीने एका मजुराला मारलंय. ऑर्वेल आधी .४४ विंचेस्टर घेऊन निघतो. हत्तीला ती पुरणार नाही हे त्याला ठाऊक आहे, आवाजाचा उपयोग होईल एवढीच आशा. मग मोठी रायफल आणि पाच काडतुसं मागवतो. हत्ती सापडतो तेव्हा शांतपणे गवत खात असतो. मारायची गरज उरलेली नाही. पण मागे दोन हजारांची गर्दी आहे आणि तिला शिकार बघायचीय. तो गोळी झाडतो ती गर्दीसमोर हसं होऊ नये म्हणून.

या निबंधाबद्दल बोलताना सगळे साम्राज्यावर बोलतात, आणि ते बरोबरच आहे. मला या वेळी दुसरंच दिसलं. हत्ती बाजूने उभा असताना कानाच्या भोकावर नेम धरायचा असतो, हे त्याला माहीत नव्हतं. मेंदू पुढे असेल असं समजून त्याने कानाच्या पुढे नेम धरला. हत्ती लगेच पडत नाही. पहिल्या गोळीनंतर तो एकाएकी म्हातारा दिसू लागतो. तिसऱ्या गोळीला पडतो, पण श्वास चालूच. उरलेल्या दोन गोळ्या, मग लहान रायफलीच्या कितीतरी. शेवटी लेखकाला ते बघवत नाही आणि तो निघून जातो. मागून कळतं, मरायला अर्धा तास लागला. मी वाचलेल्या शिकारीच्या लेखनात 'बार झाला' आणि 'कोसळला' यांच्यामधलं अंतर एवढ्या सावकाश कुणी मोजलेलं नाही. ऑर्वेलकडे विवेक होता, माहिती नव्हती. किंमत हत्तीने मोजली. बेलच्या पुस्तकातली एक आकृती त्या दिवशी त्याच्या खिशात असती तर तो निबंध वेगळा झाला असता, बहुधा लिहिलाच गेला नसता.

तिसरा कॉर्बेट. 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं', १९४४. त्यातली पहिलीच कथा चंपावतच्या वाघिणीची, घटना १९०७ची. तिच्या नावावर ४३६ बळी. या कथेचा शेवट मला 'कॉर्बेटने वाघीण मारली' एवढाच आठवत होता. पुन्हा वाचला तर शेवट अगदीच अवघड आहे. त्याच्या रायफलीची काडतुसं संपतात. वाघीण जखमी, समोर. तो धावत जाऊन तहसीलदाराची जुनी बंदूक हिसकावून घेतो. जवळून, उघड्या जबड्यावर नेम धरून बार काढतो, आणि गोळी लागते पंजाला. वाघीण मरते ती आधीच्या जखमांनी. लेखकाने हे लपवलेलं नाही. स्वतःच्या सगळ्यात मोठ्या शिकारीचा शेवटचा बार चुकला, हे तो स्वतः लिहितो.

त्याहून मोठी गोष्ट पुढच्या परिच्छेदांत आहे. मेलेल्या वाघिणीचं तोंड उघडून बघितलं तर उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा, दोन्ही सुळे तुटलेले. जुनी बंदुकीची जखम. कुणीतरी कधीतरी तिच्यावर बार काढला होता, तो नीट लागला नाही, आणि सुळे तुटलेली वाघीण नेहमीची शिकार करू शकेना. म्हणजे ४३६ माणसांच्या मागे एक चुकीची गोळी आहे. ती कुणी झाडली ते कथेत येत नाही. मला खात्री आहे, त्या माणसाने रात्री शेकोटीपाशी सांगितलं असेल: बार झाला आणि वाघ पळाला.

कॉर्बेट मला या तिघांत मोठा वाटतो तो याचमुळे. नेम लागतो तेव्हा तो त्याचं श्रेय फार घेत नाही आणि चुकतो तेव्हा गोळीचा माग सोडत नाही. पण त्याच्यावरही माझा एक आक्षेप आहे. त्याच्या पुस्तकांतली गावं वाट बघतात, रडतात, साहेबाचे पाय धरतात. ती प्रश्न विचारत नाहीत. 'एका बारात पडायचा?' असं त्याला विचारणारे तात्या त्याच्या कुमाऊंमध्ये नक्की असणार. पानांवर ते फारसे आलेले नाहीत.

आपल्याकडच्या शिकारकथांबद्दल माझी तक्रार मोठी आहे. लहानपणी वाचलेल्या त्या कथांत मचाण होतं, हाकारे होते, चांदणं होतं, रातकिडे होते. बंदुकीला 'दुनळी' नाहीतर 'ठासणीची' एवढी ओळख मिळायची. गोळीला तीही नाही. लेखकाला झाडाच्या सालीचा रंग सांगायला अर्धं पान मिळायचं. जखमी होऊन निसटलेलं जनावर एका ओळीत संपायचं, किंवा कथेत यायचंच नाही. आम्ही वाचणारी पोरं त्यातून एकच शिकलो: मारणं हा एक क्षण असतो आणि तो स्वच्छ असतो. पुढे सिनेमा आणि पबजीने तेच पक्कं केलं.

याचा परिणाम पुस्तकांपुरता राहत नाही. २ नोव्हेंबर २०१८ला यवतमाळ जिल्ह्यात बोराटीजवळ अवनी, म्हणजे टी-१ वाघीण मारली गेली. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. नंतरचा सगळा वाद कशावर झाला? डार्ट खरंच झाडला होता का, ती अंगावर येत होती का, आणि गोळी कुठल्या बाजूने शिरली. शवविच्छेदनातली जखमेची दिशा हीच साक्ष झाली. तरी आपल्या फोनवर वाद 'वाघ की माणूस' एवढ्याच दोन बाजूंनी चालला. जखमेची दिशा वाचायची सवय आपल्याला कुठल्याच लेखनाने लावलेली नाही.

२०२५च्या त्या दिवाळीनंतर मी पुण्याला परतलो. २ नोव्हेंबरला पिंपरखेडमध्येच १३ वर्षांचा मुलगा गेला. वीस-बावीस दिवसांत तीन जीव. रस्ते अडवले गेले. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाणाऱ्या बायकांचे फोटो देशभर फिरले. गावाच्या ग्रुपवर एकच मेसेज शंभर तऱ्हांनी येत होता: गोळ्या घाला. मी त्याला नावं ठेवणार नाही. ज्यांच्या घरातून रोज रात्री माणूस उसात जातो त्यांना विवेक शिकवायची माझी लायकी नाही. मी खराडीत आठव्या मजल्यावर झोपतो.

पण एक प्रश्न मी विचारू शकत होतो, आणि तो मी मामाला विचारला. आजोळ दौंड तालुक्यात, भीमेच्या काठी. दौंड म्हणजे राज्य राखीव पोलीस बलाचं गाव. मामा तिथूनच निवृत्त झालेला. आता त्या बाजूच्या उसातही बिबटे आहेत. मी म्हणालो, "मामा, तुला सांगितलं असतं बिबट्या मार, तर?"

"आधी मागं काय हाये ते बघितलं असतं."

"म्हणजे?"

"अरे, निशाणाच्या मागं. ऊस संपला की कुणाची तरी वस्ती असती. गोळी जनावरात थांबली तर ठीक. पार झाली तर कुठं जाणार? गोठ्यात कोण झोपलंय तुला काय माहीत?"

बेलच्या आकृत्यांत नसलेली गोष्ट मामाने अर्ध्या मिनिटात सांगितली. गोळी आत थांबेल की पार जाईल हा गोळीच्या आकाराचा आणि बनावटीचा प्रश्न, आणि दर दोनशे मीटरवर वस्ती असलेल्या तालुक्यात तो कुणाच्या तरी घराचा प्रश्न. कायदाही एका अर्थाने हेच मागतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११ सांगतं की बिबट्यासारखा प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झालाय आणि त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही अशी खात्री झाली, तरच मुख्य वन्यजीव रक्षक मारायची परवानगी देऊ शकतो, आणि तीही कारणं लिहून. कारणं लिहून. शिकारकथेकडून माझी मागणी यापेक्षा जास्त नाही.

४ नोव्हेंबरच्या रात्री पिंपरखेडचा बिबट्या मारला गेला. आधी डार्टचा प्रयत्न झाला, तो फसला, मग शार्पशूटरनी गोळ्या झाडल्या, असं बातम्यांत आलं. मी वाचलेल्या एकाही बातमीत गोळी कोणती, किती अंतरावरून, किती वेळात, हे नव्हतं. खालच्या कॉमेंट्समध्ये हार, फुलं, फटाके. बरोबर तीच शिकारकथा, चांदणं तेवढं वगळलेलं.

सकाळी तात्यांचा फोन आला.

"पडला म्हणं."

"हो, वाचलं."

"एका बारात का रं?"

"माहीत नाही, तात्या. लिहिलेलं नाही कुठं." मग मी धीर करून म्हणालो, "दिवाळीत तुम्हाला सांगितलं ना, कॉर्बेटचा एका बारात पडायचा म्हणून? तसं नव्हतं ते. चुकायचं त्याचंही. एका वाघिणीचे तर दातच आधीच्या कुणाच्या तरी गोळीनं तुटले होते. म्हणून ती माणसं खायला लागली."

तात्या थोडा वेळ काही बोलले नाहीत.

"म्हंजी अर्धवट लागली तर अजून वाईट."

"हो."

"मग हे बी लिवत जा की कुठंतरी. समद्यांना वाटतं बंदूक आणली की झालं." पलीकडे मोटारीच्या पेटीचा खटका वाजला. "ठेव आता. रात्री परत दारं धरायची हायेत. हा गेला, पण दुसरा डीपीपाशी दिसलाय काल."